काचसदृश पॉलिमरमधील विसरणाची प्रतिमाने: पार्श्वभूमी

लहान रेणू पॉलिमरच्या पडद्यात आधी विरघळतात आणि मग पलीकडे पसरत जातात, ही मांडणी 1866 मध्ये रबरावरील प्रयोगांतून झाली. रबरापुरते त्याआधी अकरा वर्षे मांडले गेलेले विसरणाचे नियम बहुतांशी पुरेसे ठरले. काच-संक्रमण तापमानाखाली, म्हणजे ज्याखाली पॉलिमर काचेसारखा ताठ होतो त्या तापमानाखाली, मात्र पॉलिमरच्या लांब साखळ्यांची मोठी हालचाल गोठलेली असते, पदार्थ समतोलात नसतो आणि नमुन्यावर आधी कोणती प्रक्रिया झाली आहे यावरही मोजमाप बदलते.

1950 च्या दशकात यावर द्विविध शोषणाचा उपाय पुढे आला. काही वायू दाबाच्या प्रमाणात विरघळतो आणि उरलेला गोठून राहिलेल्या सूक्ष्म पोकळ्यांत बसतो. या पोकळ्या भरत आल्या की शोषणाचा आलेख वाकतो. खरा वाद विसरणाचा होता. 1965 च्या प्रतिमानात पोकळ्यांतील रेणू पूर्णपणे अचल मानले गेले. एकाच विसरण गुणांकात (रेणू किती वेगाने पसरतात ते सांगणाऱ्या आकड्यात) काम भागत असल्याने हे गृहीतक सोयीचे होते आणि दाब वाढल्यावर प्रवाह स्थिरावण्यास लागणारा विलंब कमी का होतो, हेही त्यातून समजत होते. पण ते खरे असेल तर स्थिर अवस्थेतील पारगम्यता (पडदा वायूला किती सहज पार जाऊ देतो ते) दाबाबरोबर बदलायला नको, आणि अनेक वायूंच्या बाबतीत ती घटताना दिसली. म्हणून 1970 च्या दशकात पोकळ्यांतील रेणूंनाही, मंद का होईना, गती देण्यात आली. हा बदल अटळच होता. आश्चर्य असलेच तर ते आधीचे गृहीतक इतके टिकले याचे आहे. तरीही विरघळलेले आणि पोकळ्यांतील असे रेणूंचे दोन गट वस्तुतः वेगळे आहेत की ती केवळ आलेख जुळवण्याची युक्ती आहे, हा आक्षेप उरतोच. 1990 च्या दशकातील असमतोल ऊष्मागतिकीवर (समतोलात नसलेल्या पदार्थांच्या ऊर्जेच्या अभ्यासावर) आधारलेल्या प्रतिमानांनी पॉलिमरची प्रत्यक्ष घनता हाच अवस्थेचा निदर्शक मानून ही विभागणी वगळली. अभियंते मात्र मोजक्या स्थिरांकांमुळे द्विविध शोषणाचे जुनेच समीकरण वापरतात.

द्रावक आत शिरताना पॉलिमर फुगतो, तेव्हा प्रश्न वेगळा असतो. तेथे द्रावकाची तीक्ष्ण आघाडी, म्हणजे फुगलेल्या आणि न फुगलेल्या भागांमधील सीमा, स्थिर वेगाने आत सरकते आणि शोषलेले वस्तुमान वेळेच्या वर्गमुळाऐवजी थेट वेळेच्या प्रमाणात वाढते. हे वर्तन 1966 मध्ये स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदले गेले. 1982 च्या प्रतिमानाने त्याचे कारण फुगण्यास होणाऱ्या श्यान (घट्ट द्रवासारख्या) विरोधात शोधले. वायूनेही पॉलिमर फुगू शकतो: कार्बन डायऑक्साइडचा दाब बराच वाढवल्यावर साखळ्या सैल होऊन घटत आलेली पारगम्यता पुन्हा वाढू लागते, आणि स्थिर गुणांकांचे द्विविध प्रतिमान नेमके येथेच अडते.