नाव कोणाकडे राहतं?

दिवाळीत ब्रह्मपुरीकडच्या गावी गेलो, तेव्हा अर्धा धान कापायचा होता आणि भाचा बांधावर बसून मोबाईलवर मेटलकोअर ऐकत होता. मला बघून म्हणाला, "मामा, या बँडात पयलेचा एकही मानूस नाही. मंग हा तोच बँड कसा?" बँड होता झाओ. त्याला नीट उत्तर द्यायचं तर १९९७ पर्यंत मागे जावं लागतं.

त्याआधी मेटलकोअरबद्दल थोडं. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्डकोर पंकवाल्यांनी (वेगवान, आक्रमक रॉक वाजवणाऱ्यांनी) मेटलचे जड रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हापुन्हा येणारे तुकडे, उचलले, तिथून याची सुरुवात. नव्वदीत अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत त्याला स्वतःचा चेहरा आला: गिटारची जाड तार आणखी खाली उतरवलेली, घसा खरवडून काढलेला आवाज, आणि मधेच सगळं संथ करून एकाच ठोक्यावर आदळणारा 'ब्रेकडाऊन'. २००० नंतर स्वीडनच्या गोथेनबर्गकडची सुरेल गिटार त्यात मिसळली आणि हे संगीत मोठ्या गर्दीपर्यंत गेलं. आमच्याकडे डीजेच्या भिंतीसमोर छातीत जे धडधडतं, ते ब्रेकडाऊनला धडधडतं. फरक एवढाच की ब्रेकडाऊन माणसं हातांनी वाजवतात.

झाओ १९९३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गला सुरू झाला. नाव ग्रीक, अर्थ 'जिवंत'. ख्रिस्ती हार्डकोर करणारी ही पोरं. दोन अल्बम झाले आणि १९९७ च्या सुमारास गायकासह बाकीचे निघून गेले. उरला एकटा ड्रमर जेसी स्मिथ. त्याने नाव सोडलं नाही. डॅन वेयांट गायला आला, रस कॉगडेल आणि ब्रेट डेटार गिटारवर आले, आणि १९९८ मध्ये 'व्हेअर ब्लड अँड फायर ब्रिंग रेस्ट' बाहेर पडला. जुन्या मंडळींची नक्कल करायच्या फंदात नवे पडले नाहीत. आवाज काळोखा झाला, वेयांटची किंचाळी आधीच्या गायकाहून पार वेगळी होती. आज झाओ म्हटलं की बहुतेकांना हाच अल्बम आठवतो. पुढच्याच वर्षी आलेला अल्बम तर इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या नरकाच्या वर्तुळांवर बेतलेला. तोवर डेटारही दुसऱ्या बँडकडे वळला होता.

खरी गंमत नंतरची. ज्याने एकट्याने नाव टिकवलं, तो स्मिथही पुढे बाहेर पडला. म्हणजे मूळचं कोणीच उरलं नाही. १९९७ नंतर आलेलेच आता 'जुने' झाले. २००९ नंतर सात वर्षं त्यांचा पूर्ण अल्बम नव्हता. २०१६ मध्ये 'द वेल-इंटेन्शन्ड व्हायरस' आला आणि चाहत्यांनी तो पुनरागमन म्हणून घेतला. कोणाचं पुनरागमन, हे विचारत बसायला कोणाला सवड नव्हती.

या संगीतात माणसं टिकत का नाहीत? व्हॅनमध्ये महिनोन्‌महिने दौरे, हातात तुटपुंजा पैसा, आणि घसा. किलस्विच एंगेज या दुसऱ्या मेटलकोअर बँडचा गायक जेसी लीच २००२ मध्ये 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' हा अल्बम गाजत असतानाच बाहेर पडला. घशाचा त्रास होता, मनही खचलं होतं. हॉवर्ड जोन्स आला आणि बँड आणखी मोठा झाला. २०१२ मध्ये जोन्स गेला, लीच परतला, २०१३ मध्ये 'डिसआर्म द डिसेंट' आला. २०१९ च्या 'अटोनमेंट'मधल्या एका गाण्यात दोघंही एकत्र गायले आहेत. जुना गायक आला की नवा नकोसा होतो असं म्हणणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं.

भाच्याला मी यातलं अर्धंच सांगितलं. बाकीचं समजावायला गडचिरोलीतलं वडसा पुरेसं होतं. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, नाटक कंपन्यांची तिथे कार्यालयं. दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्रभर नाटकं. गेल्या हंगामातली नायिका यंदा दुसऱ्या कंपनीत, खलनायक तिसऱ्या, ऑर्गनवाला घरी शेतीत. फलकावर नाव मात्र तेच, आणि गावचं मंडळ नाव बघूनच नाटक ठरवतं. फरक इतकाच, की वडशात नाव निर्मात्याच्या खिशात असतं. झाओत ते आधी एका ड्रमरकडे होतं, मग जे टिकून राहिले त्यांच्याकडे गेलं.

"पन मंग खराब निंगालं तं?" भाच्याने विचारलं. तसंही होतं. नव्या गायकाला जुन्याच्या ठेक्यावर, जुन्याच्याच आवाजात उभं केलं की दोन गाण्यांत कळतं. नाटकात बदली नट पाठ केलेलं बोलायला लागला की मागच्या रांगेतली म्हातारी आधी ओळखते, तसंच. १९९८ चा झाओ तरला, कारण वेयांटला वेगळं किंचाळू दिलं गेलं.

मग त्याने १९९८ चा अल्बम लावला. मजूर बायांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या मिनिटाला एकीने विळा खाली ठेवून विचारलं, "कोनाले मारून राह्यले का बाप्पा?"