म्हातारा आणि मेयर

सत्तरी उलटलेला माणूस ‘ज्येष्ठ नागरिक’ ऐकून घेतो, ‘आजोबा’ ऐकून घेतो, पण तोंडावर कुणी ‘म्हातारा’ म्हटलं तर त्याच्या कपाळावर आठी पडतेच. गंमत अशी की या शब्दाच्या मुळाशी वय नाहीच. आहे तो मोठेपणा.

मूळ शब्द संस्कृतातला ‘महत्तर’. महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे त्याहून मोठा आणि महत्तम म्हणजे सगळ्यांत मोठा. शाळेत मसावि काढताना ज्या ‘म’शी झटापट केली, तो हाच महत्तम. यातल्या मधल्या पायरीवरचा ‘महत्तर’ पुढे गावातल्या वजनदार माणसाचं नाव झाला.

आजच्या बांगलादेशातल्या दिनाजपूर भागात, दामोदरपूरला गुप्तकाळातले ताम्रपट सापडले. त्यांतला एक बुधगुप्ताच्या राजवटीतला, इ.स. ४८२च्या सुमाराचा. नाभक नावाच्या माणसाला काही ब्राह्मणांना वसवण्यासाठी जमीन विकत घ्यायची आहे, आणि त्या व्यवहारात गावाच्या वतीने कोण कोण आहेत ते ताम्रपट सांगतो: महत्तर, आठ कुळांचं मंडळ, ग्रामिक म्हणजे गावचा प्रमुख, आणि कुटुंबिन्. म्हणजे जमिनीचा सौदा गावकीला वगळून होत नव्हता, आणि गावकीच्या यादीत पहिलं नाव महत्तराचं. यादीतला शेवटचा शब्दही नीट पाहा. घरदार, शेती असलेला तो ‘कुटुंबिन्’. त्याचाच पुढे आपला ‘कुणबी’ झाला. दीड हजार वर्षांपूर्वी पार बंगालात, एकाच ओळीत आपला म्हातारा आणि आपला कुणबी बसलेत.

महत्तर फक्त बंगालात नव्हते. सौराष्ट्रात वलभीच्या मैत्रक राजांच्या आणि आपल्याकडे राष्ट्रकूटांच्या दानपत्रांतही ते भेटतात. गाव किंवा जमीन दान देताना राजा ‘यांना यांना कळवावे’ म्हणून अधिकाऱ्यांची लांबलचक जंत्री देतो, त्या जंत्रीत महत्तर असतात. बायकांनाही हा मान होता. जैन आचार्य हरिभद्र स्वतःची ओळख ‘याकिनी महत्तरेचा पुत्र’ अशी देतात. ती त्यांची जन्मदाती नव्हे, धर्माच्या वाटेवर आणणारी साध्वी.

महत्तराचा म्हातारा कसा झाला, हे मराठीच्या कानाने ऐकलं की कळतं. ‘मह’ मधला पहिला अ गळतो आणि म्ह उरतो. महिषीची म्हैस झाली तसं. जोडाक्षर सुटतं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. सप्त, सत्त, सात या चालीने. उच्चाराचं कोडं इथे सुटतं.

अर्थाचं कोडं जास्त मजेदार आहे. गावचे मोठे लोक बहुधा वयानेही मोठे असणार, त्यामुळे दोन्ही अर्थ बराच काळ एकाच शब्दात नांदले असतील. मग हुद्द्याला दुसरे शब्द आले. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत, दहाव्या-अकराव्या शतकांत, ‘पट्टकिल’ दिसू लागतो. तोच आपला पाटील. माझा अंदाज असा, की अधिकार पाटलाकडे गेला आणि महत्तराकडे राहिलं ते नुसतं वय. कोकणातल्या ‘म्हात्रे’ आडनावाचा संबंध मात्र आजही महत्तराशी जोडला जातो. तिथे जुना मान थोडा तरी शिल्लक आहे म्हणायचा.

अशी घसरण झालेला हा एकटाच शब्द नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दारापाशी दगडी हत्ती आहेत. ते कुणी दान केले, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत लेख सांगतो: थेर भदंत इंददेव यांनी. ‘थेर’ म्हणजे संघातला ज्येष्ठ, आदरणीय भिक्खू, संस्कृतात स्थविर. बौद्धांच्या थेरवाद पंथाचं नाव यावरूनच आलं. आणि मराठीने या थेराचं काय केलं? ‘थेरडा’! भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात. मला तर हा शब्दांवरचा उघड अन्याय वाटतो.

युरोपात उलटं घडलं. ‘महत्’च्या मुळाशी जो प्राचीन धातू आहे, त्यातूनच लॅटिनमधला ‘माग्नुस’ म्हणजे मोठा आणि ‘मायोर’ म्हणजे अधिक मोठा हे शब्द आले. अर्थाने मायोर म्हणजे थेट आपला महत्तर. त्या मायोरपासून फौजेतले मेजरसाहेब झाले आणि शहराचे मेयरही. म्हणजे पालिकेत गाडीतून उतरणारे मेयर आणि पारावर बसलेला म्हातारा हे नात्याने चुलतभाऊच. रोमच्या सिनेटचं नावही ‘सेनेक्स’, म्हणजे वृद्ध, यावरून पडलं. अरबीतला शेखही मुळात वयस्क माणूसच.

फारसीतल्या ‘मेहतर’चं नशीब सर्वांत विचित्र. त्याचाही अर्थ अधिक मोठा, आणि त्यातला ‘तर’ हा महत्तरातल्या ‘तर’चाच सख्खा भाऊ. हिंदुकुशातल्या चित्रळ संस्थानचा राजा ‘मेहतर’ म्हणवून घेई. १९६९ साली ते संस्थान पाकिस्तानात पुरतं विलीन झालं. हिंदुस्थानात मात्र हाच शब्द सफाईकाम करणाऱ्या जातीला चिकटला. नाव राजाचं दिलं, पण त्या माणसांना विहिरीवर पाणी काही भरू दिलं नाही.

आपल्याकडे महत्तराची एक रूपवती लेक अजून हिंडते. रुईचं बोंड फुटलं की पांढऱ्या रेशमी केसांचं बी वाऱ्यावर तरंगत येतं, आणि ‘म्हातारी, म्हातारी!’ ओरडत पोरं तिच्यामागे धावतात.