श्वासासाठी घातलेल्या नळीमुळे येणारी जिभेची सूज

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत एंडोट्रॅकियल ट्यूब घातलेली असते. ही नळी, ती चावली जाऊ नये म्हणून दातांत ठेवलेला बाइट ब्लॉक किंवा रुग्णाचेच दात जिभेवर दाबून राहिले, तर जीभ सुजू शकते. सूज फार वाढली तर जीभ तोंडात मावत नाही आणि ओठांबाहेर येते.

जिभेला रक्त पुरवणाऱ्या धमनीत दाब जास्त असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र पातळ, कमी दाबाच्या. बाहेरून दाब पडला की आधी त्या आणि ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या मिटतात. रक्त येत राहते, परतीची वाट बंद होते. फुगलेल्या जिभेत दात रुततात, शिरा आणखी दबतात, म्हणजे सूजच सूज वाढवते. दाब काढल्यावरही ती काही काळ वाढत राहू शकते.

एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन रक्तातला ऑक्सिजन फार कमी होतो तेव्हा, रुग्णाला सलग १६ तास किंवा त्याहून जास्त वेळ पालथे ठेवतात. तेव्हा चेहरा व जीभ दोन्ही सुजू शकतात. कोविड-१९ च्या साथीत असे रुग्ण नोंदले गेले. हनुवटी छातीकडे वाकवून केलेल्या लांबलचक मेंदूशस्त्रक्रियेनंतरही हे घडते. रक्तदाबावरील एसीई इनहिबिटर गोळ्या किंवा पक्षाघातात दिलेले, रक्ताची गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज यांनी येणारी सूज वेगळी. तिथे नळी सरकवून भागत नाही, कारणीभूत औषध थांबवावे लागते.

गुंगीत असलेला रुग्ण जीभ दुखते हे सांगू शकत नाही. म्हणून तोंडाची निगा राखताना दरवेळी बॅटरीच्या उजेडात जीभ पाहणे हाच खरा बचाव आहे, आणि तो बहुतेक परिचारिकेच्याच हातात असतो. दातांचे वळ, जांभळट रंग, कोरडेपणा ही सुरुवातीची चिन्हे. दुर्लक्ष झाल्यास व्रण पडतात, क्वचित जिभेचा भाग मरतो.

उपाय साधे आहेत. नळीची जागा बदलावी, डोके उंच व मान सरळ ठेवावी, जिभेवर सलाइनने भिजवलेले गॉज ठेवावे, दाढांमध्ये आधार देऊन दात जिभेपासून दूर ठेवावेत. स्टेरॉइडही देतात, पण त्याचा पुरावा तोकडा आहे. सूज उतरेनाच, तर ट्रॅकिऑस्टॉमी करून, म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी थेट श्वासनलिकेत बसवून, तोंड मोकळे करतात.

नळी काढण्याची घाई इथे सर्वांत धोक्याची. कफ लीक चाचणीत नळीभोवतीच्या फुग्यातली (कफ) हवा काढून नळीच्या बाजूने हवा निसटते का ते पाहतात; ती स्वरयंत्राजवळची सूज सुचवते, जिभेची नाही. त्यामुळे चाचणी ठीक आली तरी सुजलेली जीभ मागे पडून श्वास अडवू शकते, आणि अशा तोंडातून पुन्हा नळी घालणे अतिशय अवघड असते.