उपासाचं मीठ, अर्ध्या ताकदीचा व्यायाम

पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती चालायला येणाऱ्यांत बीपीची गोळी चालू असलेले बरेच भेटतात. चालता चालता बोलणं खाण्यावर येतं. कुणी साधं मीठ सोडून शेंदेलोण धरलेलं असतं, कुणी अनशापोटी लसणाच्या पाकळ्या गिळतं, कुणाकडे सर्पगंधा या वनस्पतीच्या गोळ्यांची बाटली असते. या सगळ्याला ‘आयुर्वेदिक पथ्य’ हे एकच नाव. पण यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या काळात आणि वेगळ्या वाटेनं आपल्या घरात आली आहे.

मुळात उच्च रक्तदाब हा मोजमाप सुरू झाल्यावर कळलेला आजार. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायचा पट्टा आणला १८९६ मध्ये. नाडीचे आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढण्याची रीत रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ मध्ये दाखवली. त्यामुळे चरक-वाग्भट या जुन्या आयुर्वेदाचार्यांकडे या आजाराला नाव नाही. आजचे वैद्य व्यानवायू (अंगभर फिरणारा वात), रक्तगत वात (रक्तात शिरलेला वात) अशा संज्ञांतून तो समजून घेतात. ही सांगड अलीकडची आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मिठाबद्दल मात्र जुना ग्रंथ फार स्पष्ट बोलतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, तीन गोष्टी अति खाऊ नयेत असं सांगितलं आहे: पिंपळी, क्षार आणि मीठ. बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर या प्रदेशांतली माणसं दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, म्हणून ती लवकर थकतात, त्यांचं मांस-रक्त सैल पडतं, कष्ट सोसत नाहीत, असं तिथं म्हटलं आहे. अकाली टक्कल, पिकलेले केस आणि सुरकुत्याही मिठाच्याच खात्यावर मांडल्या आहेत. रक्तदाबाचा उल्लेख तिथं नाही आणि आपण तो घुसडू नये. पण एका मुलखाच्या खाण्याच्या सवयीवरून त्या मुलखाची प्रकृती पाहण्याची ही नजर मला फार मोलाची वाटते.

त्याच संहितेत सैंधव, म्हणजेच शेंदेलोण, सगळ्या मिठांत श्रेष्ठ ठरवलं आहे, रोज खाण्याच्या पदार्थांतही धरलं आहे. घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे शेंदेलोण म्हणजे उपासाचं मीठ. एकादशीच्या खिचडीत चिमूटभर पडणारं. तेच आता गुलाबी रंगात, पाकिटातून ‘बीपीवाल्यांचं मीठ’ म्हणून विकत घेतलं जातं आणि हात सैल सुटतो. मिठांत श्रेष्ठ म्हणजे कितीही खावं असं कुणी लिहिलेलं नाही. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, ही मर्यादा त्यालाही लागू पडते.

कोल्हापुरात बीपीचं सगळं खापर तांबड्या रश्श्याच्या तिखटावर फुटतं. मीठ मात्र लपून राहतं: खर्ड्यात, लोणच्यात, भडंगात, मिसळीवरच्या फरसाणात. पापडात तर मिठाशेजारी पापडखार, म्हणजे चरकाच्या यादीतला क्षारही असतो. आणि मटणाचं जेवण जड झालं म्हणून वर लवणभास्कर चूर्ण घेतलं जातं. त्याच्या नावातच लवण आहे.

व्यायामाची गोष्ट आमच्या गावाला जास्त जवळची. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. त्याच्या जोडीला जोर-बैठकांचा डोंगर. कुस्ती सुटली तरी खुराक सुटत नाही. गंगावेशीतलं धारोष्ण दूध तसंच चालू राहतं, बैठका मात्र थांबलेल्या. आणि पन्नाशीत आकडा वाढला की तोच गडी जुन्या जोमानं एकदम जोर मारायला जातो. वाग्भटानं अष्टांगहृदयात सांगितलंय की बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसानंसुद्धा व्यायाम अर्ध्या ताकदीनंच करावा, तोही थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहून कमी. कपाळावर, काखेत घाम आला, तोंड कोरडं पडलं की अर्धी ताकद खर्ची पडली, अशी खूण जुने वैद्य सांगत. हे वचन तालमीच्या दारावर लिहावं असं मला मनापासून वाटतं.

सर्पगंधाचा इतिहास वेगळाच. परंपरेत ती सापाच्या विषावर, उन्मादावर, झोपेसाठी वापरली जाई. रक्तदाबावर तिचा उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मांडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. काही वर्षं ते रक्तदाबावरचं मोठं औषध होतं. मग नाक चोंदणं, मन खिन्न होणं असे त्रास दिसले, दुसरी औषधं आली आणि ते मागं पडलं. म्हणजे बीपीवरचं औषध म्हणून सर्पगंधा शंभर वर्षांचीही नाही आणि ती निरुपद्रवीही नाही. दवाखान्यातल्या गोळीवर ती मनानं चढवली तर दाब फार खाली जाऊ शकतो.

उलट टोकाला ज्येष्ठमध. घसा बसला की आपण ते सहज चघळतो. पण सतत आणि जास्त खाल्लं तर शरीरात सोडियम साठतं, पोटॅशियम घटतं आणि दाब चढतो. डॉक्टरांनी काय काय घेता असं विचारलं तर त्याचं नाव कुणी घेत नाही, कारण घरात ते औषधांच्या डब्यात नसतं, मसाल्याच्या डब्यात असतं.