पहिलीच्या वर्गाची जमीन

2025-26 पासून महाराष्ट्रात पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आणि त्याच्याबरोबर वर्गखोलीचीही चर्चा सुरू झाली. बाक हलवा, सतरंजी अंथरा, एका कोपऱ्यात पुस्तकं, दुसऱ्यात मणी-ठोकळे, तिसऱ्यात भातुकली. मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर सामान ठेवा. या सगळ्याचा उगम 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांगितला जातो. त्या धोरणाने तीन ते आठ वर्षांचा, म्हणजे बालवाडीपासून दुसरीपर्यंतचा ‘पायाभूत स्तर’ वेगळा काढला, ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळण्या-पुस्तकांचा संच. पण गोष्ट याहून बरीच जुनी आहे. शिवाय ज्या शाळांनी गावात लोकवर्गणी फिरवून, देणगीदाराला फेटा बांधून बाक मिळवले, त्यांना ते आता बाहेर काढा म्हणणं तितकंसं सोपं नाही. बाक म्हणजे आपली शाळा शहरातल्या शाळेसारखी झाल्याची खूण होती.

त्याआधी मुलं जमिनीवरच बसत होती. पंतोजीची शाळा ओटीवर नाहीतर देवळात भरायची. एक पोर धूळपाटीवर श्री गिरवतंय, शेजारचं पावकी-निमकी घोकतंय, असा कारभार. प्रत्येकाचा धडा वेगळा, कारण इयत्ताच नव्हत्या. त्या शाळेला गोंडस करायचं कारण नाही. छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुली व अस्पृश्य ठरवलेली मुलं त्या ओटीच्या आसपासही नव्हती.

इंग्रजी अमलात सरकारी शाळा आल्या, त्यांच्याबरोबर इयत्ता, हजेरीपट, फळा आणि रांगा आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात शाळांना अनुदान मिळायचं ते परीक्षेच्या निकालावर. म्हणजे तपासणीला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा सरकारी अधिकारी, यायचा, मुलं उभी करायचा, विचारायचा आणि आकडा मांडायचा. रांगेची सोय मला तरी शिकण्यापेक्षा मोजण्यासाठी जास्त वाटते.

बाकाला पहिला मोठा धक्का दिला तो रोममध्ये. 1907 साली सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालघर उघडलं आणि जड, जमिनीला जखडलेले बाक काढून टाकले. त्यांच्या जागी मुलांनाच उचलून नेता येतील अशा हलक्या खुर्च्या आणि टेबलं ठेवली. हलकी खुर्ची धक्का लागून पडेल, या आक्षेपाला त्यांचं उत्तर झकास होतं. पडू दे की! पडली, आवाज झाला, की आपण धडपडत चाललो हे मुलाला खुर्चीच सांगेल. जखडलेल्या बाकामागे मुलाचा धसमुसळेपणा झाकला जातो, सुधारत नाही.

हा विचार आपल्याकडे पोहोचला तो गुजरातमार्गे. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक पुढे मुंबईत आल्या आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. 1939 मध्ये खुद्द माँटेसरीबाई मद्रासला आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. शेकडो शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. पण घडीव लाकडी साधनांचा तो संच महाग होता, आणि शहरातल्या ‘माँटेसरी’ शाळेला जी प्रतिष्ठा चिकटली ती त्यामुळेच.

ताराबाईंना हे खटकलं. 1945 साली त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. दोघींनी साधनं गोळा केली ती शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या यांतून. मोजायला चिंचोके चालतात, लहान-मोठं लावायला शंख चालतात. त्यातून एक अडचण निघाली, ती साधनांहून मोठी. बालवाडी गावात होती, पण दलित वस्तीतली मुलं काही तिथे येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांना न्हाऊ-माखू घालायचं, मग गाणी, मग खेळ. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा जन्मला. पुढे मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला, तेव्हा गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. वर्गाची पुनर्रचना म्हणतात ती यापेक्षा मूलगामी कुणी केल्याचं मला माहीत नाही. इथे खोलीच काढून टाकली होती.

त्याच काळातली ‘विकासवाडी’ आजच्या चर्चेत यायला हवी आणि येत नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एका दमात. 2020 चा ‘पायाभूत स्तर’ जे जोडू बघतो, ते तिथे जोडलेलंच होतं.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, अंगण मागे राहिलं. वाट्याला आली एक लहानशी खोली, कित्येकदा भाड्याची, आणि त्यात पोषण आहार, वजनकाटा, लसीकरण, रजिस्टरं. खेळ उरलेल्या वेळात. शिवाय अंगणवाडी गेली महिला व बालविकास खात्याकडे आणि पहिली राहिली शिक्षण खात्याकडे. सहाव्या वर्षी मूल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातं, आणि जाताना खेळ अलीकडे ठेवून जातं.

शाळांच्या बाबतीत बघावं तर तोवर धड खोलीचाच पत्ता नव्हता. 1987 मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेचं उद्दिष्ट किती साधं होतं बघा: प्रत्येक प्राथमिक शाळेला बारमाही वापरता येतील अशा दोन खोल्या, खोल व्हरांडा, दोन शिक्षक आणि थोडंफार साहित्य. त्याच दशकात कोल्हापूरला लीलाताई पाटील, फलटणला मॅक्सीन बर्नसन आणि डहाणू भागात ग्राममंगल ही संस्था, यांनी छोट्या प्रमाणावर वेगळे वर्ग करून दाखवले.

पुढे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी मांडलेली ‘बाला’ ही कल्पना आली: इमारतच शैक्षणिक साहित्य. दार उघडतं तिथे फरशीवर कोनमापक रंगवा, दार किती अंशांत उघडलं ते दिसेल. खिडकीच्या गजांना अक्षरांची वळणं द्या, बोट फिरवता येईल. आपल्याकडे त्याच्या ‘बोलक्या भिंती’ झाल्या. त्यानंतर साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी भिंतीवरून नजर खाली आणली. फरशीवर चौकटी, संख्या, शब्दांचे आराखडे रंगवले आणि मुलं गटागटाने त्यांच्याभोवती बसू लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर तर ऑइलपेंटचे डबे घेऊन गावोगावचे गुरुजी गुडघ्यांवर बसले, पुष्कळदा स्वतःच्या खिशातून. एका शाळेत मी तो रंग इतका कोरा करकरीत पाहिला, की विचारलं. बाई म्हणाल्या, “पाहुणे येईपर्यंत मुलांना त्यावर बसू देत नाही, खराब होतं.” कुमठ्याला मुलं आधी हातात काड्या-खडे घेऊन बसली होती, रंग त्यांच्या सोयीसाठी आला होता. नकलेत नेमकं उलटं झालं.

आता नव्या कोपऱ्यांचंही तसं होऊ शकतं, तक्त्यावर ‘गणित कोपरा’ लिहून साहित्य कपाटात कुलूपबंद. पण दोन शिक्षकी शाळेत, जिथे पहिली-दुसरी एकाच बाईंकडे आहेत, तिथे कोपरा ही हौस नसते. पहिलीची मुलं मण्यांच्या माळा ओवत बसली, तरच बाईंना दुसरीतल्या चौघांचं वाचन ऐकता येतं.