25 लाखांपासून 10 कोटींपर्यंत: कंपनी सेक्रेटरी या पदाची पार्श्वभूमी

डिसेंबर 2024 मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांच्या नियमांत एक दुरुस्ती केली. कम्प्लायन्स ऑफिसर, म्हणजे कंपनी नियम पाळते की नाही हे बघणारा अधिकारी, संचालक मंडळाच्या एका पायरीपेक्षा जास्त खाली नसावा. हा अधिकारी पात्रताधारक कंपनी सेक्रेटरीच (सीएस, म्हणजे कंपनीच्या बैठका, नोंदी आणि कायद्याची पूर्तता सांभाळणारा) असावा, हे आधीपासून ठरलेलं होतं. आता त्याची खुर्ची कुठे असावी हेही ठरलं. पायरी नेमकी कुठून मोजायची यावर बराच खल झाला आणि एप्रिल 2025 मध्ये खुलासा आला: व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकाच्या लगेच खालची. या पदाचं वजन किती, यावरचा वाद मात्र फार जुना आहे.

मराठीत तर गोंधळ शब्दापासूनच आहे. सोसायटीचे सेक्रेटरी, मंत्रालयातले सचिव, मंडळाचे चिटणीस, साहेबांच्या केबिनबाहेर बसणारी सेक्रेटरी, या सगळ्यांत 'सीएस' म्हणजे कोण, हे मुलाखतीला निघालेल्या मुलीला घरीसुद्धा समजावून सांगावं लागतं. शिवकालात ही कामं वेगळी होती. पत्रं लिहायचा तो चिटणीस, आणि निघणाऱ्या पत्रातला अधिक-उणा मजकूर तपासून शुद्ध करायचा तो सचिव, म्हणजे सुरनीस. आपण कंपनीतल्या माणसाला सचिव म्हणू लागलो, पण बारावी कॉमर्सचा विषय अजून 'चिटणिसाची कार्यपद्धती' याच नावाने शिकवला जातो, आणि बरीच वर्षं कंपन्यांनी त्याच्याकडून चिटणिशीच करून घेतली. ज्या इंग्लंडकडून हे पद आपल्याकडे आलं, तिथल्या न्यायालयानेही 1887 मध्ये सेक्रेटरी हा निव्वळ नोकर, सांगितलेलं करणारा, असं म्हटलं होतं. 1971 मध्ये तिथेच हे मत बदललं. सेक्रेटरीने कंपनीच्या नावावर स्वतःसाठी गाड्या भाड्याने घेतल्या आणि ते बिल कंपनीला भरावं लागलं, कारण असे व्यवहार कंपनीच्या वतीने करण्याचा अधिकार त्याला असतो असं न्यायालयाने मानलं.

आपल्याकडे 1960 मध्ये सरकारी पदविका सुरू झाली, 1968 मध्ये व्यवसायाची संस्था नोंदली गेली आणि 1980 च्या स्वतंत्र कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. पण पदाला खरा आधार दिला तो 1974 च्या दुरुस्तीने. 25 लाख किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी शेअरच्या दर्शनी किमतीपोटी भरलेली रक्कम) असलेल्या कंपनीला पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवणं सक्तीचं झालं.

त्या काळातलं काम हाताने करायचं होतं. मिनिट बुकाच्या, म्हणजे बैठकांच्या इतिवृत्ताच्या वहीच्या, पानांना ओळीने क्रमांक, प्रत्येक पानावर अध्यक्षांची छोटी सही, शेवटच्या पानावर तारखेसह पूर्ण सही. कपाटात लोखंडी दाबयंत्र असायचं, कॉमन सीलचं, म्हणजे कंपनीच्या अधिकृत मोहोरेचं. ते उघडायचं तर आधी संचालक मंडळाचा ठराव हवा. (2015 पासून हे सील ऐच्छिक झालं.) फॉर्म घेऊन मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कंपनी रजिस्ट्रार कार्यालयात खिडकीपुढे उभं राहायचं. 2006 मध्ये फायलिंग ऑनलाइन गेलं आणि रांगेची जागा डीएससी टोकनने, म्हणजे डिजिटल सहीच्या साधनाने, घेतली. भाद्रपदात घरोघरी गणपती आणि सीएसच्या टेबलावर वार्षिक सभा, हे मात्र बदललेलं नाही. सभेची नोटीस पूर्ण 21 दिवस आधी हवी आणि त्यात पाठवल्याचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही, म्हणून बहुतेकांचा ऑगस्ट त्या हिशेबातच जातो.

दरम्यान नोकरीबाहेरचं कामही वाढलं. 1988 पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या वार्षिक विवरणावर प्रॅक्टिस करणाऱ्या (नोकरीत नसलेल्या, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या) सीएसची सही लागू लागली. 2000 च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकलं. 10 लाख किंवा जास्त भांडवल असलेल्या, पण पूर्णवेळ सेक्रेटरीची सक्ती नसलेल्या कंपनीने दरवर्षी बाहेरच्या सीएसकडून कम्प्लायन्स सर्टिफिकेट, म्हणजे कायदा पाळल्याचा दाखला, घ्यायचं. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. लहान कंपनीची रजिस्टरं वर्षातून एकदा तरी कुणीतरी जाणता माणूस उघडून बघत होता.

जानेवारी 2009 मध्ये हैदराबादच्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या संस्थापकाने हिशेब फुगवल्याची कबुली दिली. त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी त्याच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायला संचालक मंडळाने मंजुरी दिली होती, आणि गुंतवणूकदार खवळल्यावर काही तासांत तो निर्णय मागे घ्यावा लागला होता. मंडळाच्या बैठकीत काय बोललं जातं, कोण विरोध नोंदवतं आणि तो कोण लिहून ठेवतं, याकडे सगळ्या देशाचं लक्ष गेलं. 2013 च्या कंपनी कायद्यात याचे पडसाद दिसतात. सेक्रेटरी आता सीईओ आणि सीएफओ यांच्यासोबत 'की मॅनेजेरियल पर्सनल', म्हणजे कंपनीच्या मुख्य व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांपैकी एक, झाला, त्याची कर्तव्यं थेट कायद्यात लिहिली गेली आणि सेक्रेटेरियल ऑडिट (कंपनीने कायदे पाळले का, याची प्रॅक्टिस करणाऱ्या सीएसकडून तपासणी) आलं. 1 जुलै 2015 पासून बैठकांची सेक्रेटेरियल स्टँडर्ड्स, म्हणजे बैठका कशा घ्यायच्या आणि नोंदवायच्या याची ठरलेली पद्धत, बंधनकारक झाली.

आणि याच कायद्याच्या नियमांत तो निर्णय झाला, ज्यावर आजही व्यवसायात एकमत नाही.

सक्तीची मर्यादा तोवर चढतच होती: 25 लाख, मग 50 लाख, 2002 मध्ये 2 कोटी, 2009 मध्ये 5 कोटी. महागाई बघता ते समजण्यासारखं होतं. पण 31 मार्च 2014 च्या नियमांत पूर्णवेळ सेक्रेटरी फक्त सूचिबद्ध कंपन्यांना आणि 10 कोटी किंवा जास्त भांडवलाच्या पब्लिक कंपन्यांना लागेल असं आलं. प्रायव्हेट कंपन्या, त्या कितीही मोठ्या असोत, यादीतून गळल्या. कम्प्लायन्स सर्टिफिकेटही नव्या कायद्यात राहिलं नव्हतं. परीक्षा देणाऱ्या मुलांपासून प्रॅक्टिस करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांत खळबळ उडाली. 9 जून 2014 ला नियम 8अ घालून 5 कोटींची मर्यादा परत आणली गेली. जानेवारी 2020 मध्ये तोच नियम बदलून प्रायव्हेट कंपन्यांसाठी ती 10 कोटी झाली, एप्रिल 2020 पासूनच्या आर्थिक वर्षांसाठी.

उद्योजकांची बाजू खोटी नाही. सात-आठ माणसांच्या कंपनीला फक्त सहीसाठी पूर्ण पगाराचा माणूस ठेवणं परवडत नव्हतं, आणि त्यातून नावापुरते सेक्रेटरी दाखवण्याची वाईट सवय लागली होती. पण कात्री लावताना मोजपट्टी तीच जुनी राहिली, भरणा भांडवलाची. 10 रुपयांचा शेअर 990 रुपये प्रीमियमने दिला आणि 50 कोटी उभे केले, तर भरणा भांडवल वाढतं फक्त 50 लाखांनी. अशा स्टार्टअपला सेक्रेटरीची सक्ती नाही. उलट एखादी जुनी, धंदा थंडावलेली कंपनी केवळ भांडवल जास्त म्हणून तो ठेवते. याच नियमांत सेक्रेटेरियल ऑडिटसाठी मात्र पब्लिक कंपन्यांची 250 कोटींची उलाढाल मोजली जाते, आणि 2020 च्याच दुरुस्तीपासून कुठल्याही कंपनीचं बँका किंवा सार्वजनिक वित्तीय संस्थांकडचं 100 कोटींचं कर्जही. म्हणजे 8 कोटी भांडवलाच्या आणि 100 कोटी कर्जाच्या प्रायव्हेट कंपनीचं सेक्रेटेरियल ऑडिट होणार, पण ज्याच्या कामाचं ऑडिट करायचं तो माणूस कंपनीत असायलाच हवा असं नाही. उलाढाल आणि कर्ज ऑडिटसाठी चालतात, तर नेमणुकीसाठी का चालू नयेत, याचं पटणारं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

मर्यादेच्या खाली राहिलेल्या कंपन्यांत काम थांबलेलं नाही, ते फक्त अकाउंट्सच्या टेबलावर सरकलंय. बैठक जूनमध्ये होते. मिनिट्स 30 दिवसांत लिहायची असतात. ती लिहिली जातात सप्टेंबरमध्ये, ऑडिटरने मागितल्यावर, वर्षातल्या चारही बैठकांची एकाच दुपारी, मागच्या वर्षीच्या फाइलवर तारखा बदलून.