पुटकुळ्या रांगेत आहेत का?

वयात आलेला एखादा मुलगा आंघोळ करताना शिश्नाची पुढची त्वचा मागे सारतो आणि शिश्नमुंडाच्या कडेला बारीक, पांढुरक्या पुटकुळ्यांची ओळच्या ओळ त्याला दिसते. बहुधा त्या बरेच दिवस तिथेच असतात, लक्ष मात्र आज गेलेलं असतं. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. समोर येतात ते चामखिळींचे सगळ्यात भयानक फोटो. ज्याचा कुणाशी शरीरसंबंधही आलेला नाही असा मुलगा आपल्याला गुप्तरोग झाल्याची खात्री करून घेतो आणि पुढचे कित्येक महिने झुरत काढतो. ‘गुप्तरोग’ या शब्दानेच निम्मं नुकसान केलं आहे. जे डॉक्टरला दाखवायचं, तेच लपवायचं म्हणून शिकवलं जातं.

या पुटकुळ्यांना वैद्यकात ‘पर्ली पेनाइल पॅप्यूल्स’ म्हणतात, म्हणजे मोत्यासारख्या पुटकुळ्या. प्रत्येकी साधारण १ ते २ मिलिमीटर, गुळगुळीत, घुमटासारख्या, त्वचेच्याच रंगाच्या किंवा किंचित पांढऱ्या-गुलाबी. शिश्नमुंडाच्या कडेने एक, दोन, कधी तीन रांगा. दुखत नाहीत, खाजत नाहीत, महिनोन्‌महिने जशाच्या तशा राहतात आणि वयानुसार हळूहळू फिक्या होत जातात. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये १४ ते ४८ टक्के पुरुषांमध्ये त्या आढळल्या आहेत. इतक्या जणांना असलेल्या गोष्टीला रोग म्हणण्यात अर्थ नाही. त्या संसर्गातून येत नाहीत, जोडीदाराला लागत नाहीत. अस्वच्छतेशी त्यांचा संबंध नाही, हस्तमैथुनाशी तर अजिबातच नाही.

मग चामखीळ वेगळी कशी ओळखायची? मला या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर वाटतं, कारण ते त्वचेच्या थरांमध्ये दडलेलं आहे.

आपल्या त्वचेचे ढोबळ दोन थर धरू. वर पेशींचं आच्छादन, ती बाह्यत्वचा. खाली कोलॅजनचे तंतू आणि रक्तवाहिन्या असलेली आंतरत्वचा. मोत्यासारख्या पुटकुळीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर बदल खालच्या थरात दिसतो: बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्याभोवती दाटलेले तंतू. वरचं आच्छादन शाबूत असतं, उलट मधोमध थोडं ताणून पातळ झालेलं. म्हणूनच वरून ती गुळगुळीत आणि चमकदार दिसते.

चामखिळीत उलटा प्रकार. तिथे बिघडतं ते वरचं आच्छादन आणि बिघडवणारा असतो ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही. जननेंद्रियावरच्या सुमारे ९० टक्के चामखिळी त्याच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. हा विषाणू अतिशय छोटा, सुमारे ५५ नॅनोमीटरचा. त्याच्याजवळ स्वतःच्या डीएनएची नक्कल करण्याची पुरेशी यंत्रणाही नसते, ती पेशीकडून घ्यावी लागते. त्वचेला नजरेला न दिसणारा ओरखडा पडला की तो तळाच्या पेशींपर्यंत पोहोचतो. या तळाच्या पेशी सतत विभागत असतात. त्यांतून निघालेली पेशी वर सरकू लागली की तिचं विभाजन थांबतं आणि शेवटी ती कोंड्यासारखी झडून जाते. विषाणूची अडचण इथेच आहे, कारण विभाजन थांबलं की नक्कल करणारी यंत्रणाही बंद. त्यावर त्याच्याकडे ई७ नावाचं प्रथिन आहे. पेशीत विभाजनाला लगाम घालणारी ‘आरबी’ गटातली प्रथिनं असतात. ई७ त्यांनाच धरून ठेवतं. लगाम सुटला की वर सरकणारी पेशीही विभागत राहते. (१६ आणि १८ या प्रकारांचं ई७ हीच पकड फार घट्ट घेतं आणि त्यांचं ई६ हे प्रथिन ‘पी५३’ नावाचा पहारेकरी नष्ट करतं. म्हणून ते प्रकार कर्करोगापर्यंत नेऊ शकतात. ६ आणि ११ ची पकड सैल असते.) नवे विषाणू अगदी वरच्या पेशींमध्ये तयार होतात आणि त्या झडल्या की बाहेर पडतात. पेशी फोडण्याची गरजच नसल्यामुळे आग नाही, सूज नाही आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेला बराच काळ पत्ताही लागत नाही.

वाढत्या आच्छादनाला पसरायला जागा पुरत नाही. ते घड्या घालत बोटांसारखं वर येतं, प्रत्येक बोटात एक केशवाहिनी, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिनी, घेऊन. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खरखरीतपणा येतो तो यामुळे. आणि विषाणू जिथे ओरखडा मिळेल तिथे शिरत असल्यामुळे चामखिळी विखुरलेल्या असतात, कमीजास्त आकाराच्या असतात, काही आठवड्यांत वाढतात. रांग, सारखा आकार, न बदलणं ही शरीराच्या स्वतःच्या बांधणीची लक्षणं आहेत.

शिश्नाच्या दांड्यावर किंवा वृषणाच्या पिशवीवर रव्याच्या कणांसारखे पिवळसर ठिपके दिसले, त्वचा ताणली की ते जास्त उठून दिसले, तर त्या तैलग्रंथी. एरवी त्या केसाच्या मुळाशी उघडतात, इथे केसाशिवाय थेट त्वचेवर. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅडिसन फोर्डाइस यांच्यावरून त्यांना ‘फोर्डाइस स्पॉट्स’ म्हणतात. ओठांवरही असेच ठिपके असतात. आरशात पाहा, बऱ्याच जणांना सापडतील. त्यांना पिळू नका, व्रण राहतो.

आता खरोखर दाखवायला हव्यात अशा गोष्टी. घुमटाच्या मधोमध खळगा असेल तर मोलस्कम, तोही विषाणूच. पाणी भरलेल्या फोडांचा झुबका, आग आणि मग जखमा, तर हर्पीस. रात्री वाढणारी खाज आणि लालसर गाठी, तर खरूज. आणि कडक कडांची, अजिबात न दुखणारी एकच जखम, तर उपदंशाची (सिफिलिसची) शंका घ्या. ही जखम संसर्गानंतर साधारण ३ आठवड्यांनी येते आणि उपचार न करताही भरून येते. लोक इथेच फसतात, कारण रोग आत तसाच राहिलेला असतो. जी जखम किंवा गाठ भरतच नाही, तिच्याबाबत कर्करोगही तपासावा लागतो.

‘व्हिनेगर लावा, पांढरं पडलं तर चामखीळ’ हा इंटरनेटवरचा उपाय करू नका. नुसत्या जळजळीने चिडलेली त्वचाही पांढरी पडते. हातापायांच्या चामखिळींसाठी मिळणारी आम्लाची औषधं या नाजूक त्वचेला भाजून काढतात. आणि ‘सात दिवसांत मुळासकट’ म्हणत विकलं जाणारं मलम मोत्यासारख्या पुटकुळ्यांचं काय मुळासकट काढणार? तिथे काढण्याजोगा रोगच नाही.

फोटोवरून स्वतःचं निदान करण्यालाही मर्यादा आहेत. सुरुवातीची चामखीळ सपाट आणि गुळगुळीत असू शकते. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाचं भिंग टेकवून पाहतात. मोत्यासारख्या पुटकुळीत द्राक्षांच्या घडासारखे फुगीर गोल आणि प्रत्येकाच्या मध्ये ठिपक्याएवढी रक्तवाहिनी दिसते. तपासणी काही मिनिटांची असते.

निदान चामखिळीचंच झालं, तर जोडीदारावर संशय घेण्याआधी हे ध्यानात घ्या: संसर्गानंतर चामखीळ दिसायला काही आठवड्यांपासून अनेक महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. चामखीळ कुणाकडून आली हे ती कधी दिसली यावरून सांगता येत नाही.